परकार्बोनेटने धुऊनही पांढरा थर आणि तोटीला आंबूस वास: कोम्बुचाची टाकी, नळी, बाटल्या

विजापूर_रोड_कोम्बुचा:

नमस्कार मंडळी. कोम्बुचाची (आंबवलेल्या चहाची) भांडी सोडियम परकार्बोनेटने धुते, पण धुतल्यावर ती चकचकीत व्हायच्या ऐवजी उलट पांढुरकी दिसतात. नेमकं कुठं चुकतंय ते सांगा.

सामान असं आहे: २० लिटरची स्टीलची टाकी, खाली तोटी (लग्नकार्यात पाण्याला ठेवतात तसली). ७५० मिलिच्या २४ काचेच्या बाटल्या, तारेच्या खटक्याच्या झाकणाच्या. ८ मिमीची सिलिकॉनची नळी. पावडर बिनवासाची आहे, पुड्यावर फक्त सोडियम परकार्बोनेट लिहिलंय. पुडा होळीच्या आसपास फोडलाय.

रीत: टाकी बोअरच्या पाण्याने काठोकाठ भरायची, तीन मोठे चमचे पावडर टाकायची, रात्रभर ठेवायची, सकाळी दोनदा विसळायची. पाणी गरम करत नाही.

अडचणी चार. टाकीच्या आत पांढरा खरखरीत थर बसतो आणि तळाला पांढरा चुरा सापडतो. चहाची तपकिरी रेघ जिथं द्रावणाची पातळी होती तिथं तशीच राहते. तोटीतून पहिला ग्लास काढला की आंबूस वास येतो, टाकी स्वच्छ असली तरी. आणि बाटल्यांत द्रावण भरून झाकण लावून ठेवलं होतं, त्यातल्या दोन बाटल्यांची झाकणं आपोआप उडाली, एकीची तार वाकली.

नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे २०-२० लिटर पाणी दर वेळी ओतून देणं जमणार नाही. प्रमाण, तापमान, वेळ, पाण्याची बचत, सगळंच सांगा. पावडरच बाद झालीय का, तेही कसं ओळखायचं?


होटगी_रोड_आंबवण:

ताई, पावडर बाद असेल-नसेल, ते पुढं तपासू. पण तुमच्या रीतीत पावडरीला काम करायला वावच दिलेला नाही.

आधी ती पावडर म्हणजे काय ते बघा. धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचा तो एकत्र स्फटिक आहे. वजनात साधारण एक तृतीयांश पेरॉक्साइड, बाकी सोडा. पाण्यात पडली की दोन्ही सुटे होतात. सोडा पाण्याचा पीएच साडेदहाच्या आसपास नेतो आणि चिकटपणा, प्रथिनं, यीस्टचा लगदा सैल करतो. पेरॉक्साइड चहाचा रंग आणि टॅनिन तोडतं. पण हे पेरॉक्साइड थंड पाण्यात फार सुस्त असतं. ५० ते ६० अंशाला अर्ध्या तासात जे काम होतं, ते गार पाण्यात रात्रभरातही धड होत नाही.

आता तुमचं प्रमाण. तीन मोठे चमचे म्हणजे सपाट भरले तर जेमतेम ४५ ग्रॅम. ते २० लिटरला म्हणजे लिटरमागे सव्वादोन ग्रॅम. हवेत ८ ते १० ग्रॅम. म्हणजे पाणी गार आणि द्रावण चौपट पातळ. तपकिरी रेघ राहणारच.

पांढरा थर मात्र पावडरीचा नाही, तो तुमच्या बोअरच्या पाण्याचा आहे. पाण्यातलं कॅल्शियम आणि पावडरीतला कार्बोनेट एकत्र आले की सरळ चुनखडी तयार होते. हिशोब करून बघा. पाण्याचा कठीणपणा लिटरला ५०० मिलिग्रॅम असेल (आपल्याकडच्या काळ्या पाषाणातल्या बोअरला हे नवल नाही), तर २० लिटर पाण्यातून जास्तीत जास्त १० ग्रॅम चुना खाली बसू शकतो. म्हणजे दोन लहान चमचे खडूची भुकटी, रात्रभर निवांत, तुमच्याच टाकीच्या भिंतीला. पावडर जास्त घातली म्हणून चुना वाढत नाही, पाणी जास्त घेतलं की वाढतो. म्हणून टाकी काठोकाठ भरणं हेच मुळात चुकीचं. २० लिटरची टाकी ५ लिटरमध्ये धुता येते, चुनाही चौथाई आणि पाणीही.

रीत अशी ठेवा.

टाकी रिकामी केल्या केल्या, लगेच, साध्या पाण्याने विसळा. स्कोबीचे (चहा आंबवणाऱ्या जाड सायीचे) धागे आणि तळाचा यीस्टचा गाळ बोटाने किंवा मऊ कापडाने काढून टाका. हे नुसतं नीटनेटकेपणासाठी नाही. यीस्टमध्ये आणि स्कोबीच्या जिवाणूंमध्येही कॅटालेज नावाचं एंझाइम असतं, ते पेरॉक्साइडचं काही मिनिटांत पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. गाळ तसाच ठेवून पावडर टाकली की जोरदार फेस येतो, बघणाऱ्याला वाटतं काम चाललंय, प्रत्यक्षात पावडर गाळावर वाया जात असते आणि मागे उरतो नुसता सोडा.

मग तोटी, वॉशर, नळी सगळं सुटं करा. तोटीच्या भोकाला बाहेरून सिलिकॉनचा बूच लावा.

पाणी: अडीच लिटर उकळतं आणि अडीच लिटर साधं एकत्र केलं की साठच्या आसपास येतं, टाकीचं स्टील थोडी उष्णता खातं. पावडर ४५ ते ५० ग्रॅम. ती आधी तांब्याभर कोमट पाण्यात ढवळून पूर्ण विरघळवा, मगच टाकीत ओता. कोरडी पावडर टाकीत फेकली की दाणे सांध्यांत जाऊन बसतात आणि विसळताना निघत नाहीत.

दर दहा मिनिटांनी टाकी कलती करून चारी बाजूंनी फिरवा. वरच्या काठाला, जिथं तपकिरी रेघ असते, तिथं सोलापुरी टेरी टॉवेलचा जुना पांढरा तुकडा द्रावणात भिजवून चिकटवा आणि तसाच राहू द्या. पांढराच घ्या, रंगीत टॉवेलचा रंग निघतो. अर्ध्या तासाने काठावर बोट फिरवलं की रेघ पुसून येते, घासावं लागत नाही. तारेची घासणी टाकीत अजिबात घालू नका. स्टीलला बारीक चरे पडतात आणि पुढची घाण नेमकी त्या चऱ्यांत जाऊन बसते.

एकूण पाऊण तास, फार तर एक तास. द्रावण गरम आहे तोवरच ओता. रात्रभर ठेवलं की पेरॉक्साइड केव्हाच संपलेलं असतं आणि फक्त चुना बसायचं काम चालू राहतं.

दोनदा विसळा. मग लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अॅसिड. लिटरला १५ ग्रॅम, तीन लिटर पुरे, १५ ते २० मिनिटं. चुना असेल तिथं बारीक बुडबुडे येतील. आपल्या पाण्याला ही आम्लाची पायरी ऐच्छिक नाही. दूध डेअरीतही पाइप आधी कॉस्टिक सोड्याने आणि नंतर आम्लाने धुतात, तोच क्रम.

एक इशारा. लिंबूसत्त्वाचं पाणी तासन् तास ठेवू नका. चुना त्यात विरघळून कॅल्शियम सायट्रेट होतो आणि तोही पाण्यात फारसा विरघळत नाही, मग पुन्हा एक वेगळा पांढरा थर. जुना जाड थर असेल तर पहिल्यांदा साधं पांढरं व्हिनेगर वापरा. त्याचा चुन्याशी होणारा क्षार पाण्यात सहज विरघळतो.

परकार्बोनेट आणि आम्ल एकत्र कधीही करायचं नाही. एकमेकांची ताकद मारतात ते वेगळंच, पण पेरॉक्साइड आणि व्हिनेगर मिळून पेरासिटिक अॅसिड तयार होतं, ते डोळ्यांना आणि घशाला झोंबतं. मध्ये विसळणं सोडायचं नाही.

बाटल्यांचं उत्तर सोपं आहे आणि गंभीर आहे. परकार्बोनेट भरलेल्या भांड्याला झाकण लावायचंच नाही. ७५० मिलिच्या बाटलीत साडेसात ग्रॅम पावडर गेली तर तिच्यातून शेवटी पाऊण लिटरच्या आसपास ऑक्सिजन निघतो. बाटलीच्या मापाएवढा वायू आणि त्याला जागा काय, तर मानेतले दोन बोटं. तार वाकली हे बरं झालं, काच फुटू शकली असती.


अक्कलकोट_रोड_प्रोसेस:

वरचं सगळं बरोबर. पावडर जिवंत आहे का आणि ती कशाने मरते, एवढंच जोडतो. टॉवेलच्या ब्लिचिंगला हेच रसायन रोज लागतं.

तपासणी: काचेच्या ग्लासात पाव लिटर गरम पाणी, त्यात एक छोटा चमचा पावडर. ताजी असेल तर दाण्यांतून बारीक बुडबुड्यांच्या धारा वर येतात आणि मिनिटा-दोन मिनिटांत पाणी दुधट दिसायला लागतं. मेलेली पावडर गुपचूप विरघळते, पाणी बोटांना बुळबुळीत लागतं पण बुडबुडे नाहीत. म्हणजे उरलाय नुसता धुण्याचा सोडा. अजून खात्री हवी असेल तर ते पाणी कोमट होऊ द्या आणि चिमूटभर ड्राय यीस्ट टाका. पेरॉक्साइड शिल्लक असेल तर फेस ग्लासच्या वर येतो. ग्लास ताटलीत ठेवून करा. बोअरच्या पाण्यात चुन्यामुळेही दुधटपणा येतो, म्हणून ही चाचणी आरओच्या पाण्यात करावी.

होळीला फोडलेला पुडा सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत राहिला असेल तर शंका घ्यायला जागा आहे. ४० अंशाच्या वर आणि दमट हवेत ही पावडर हळूहळू ऑक्सिजन सोडते. त्यामुळे दोन गोष्टी. घरातल्या सगळ्यात थंड, कोरड्या कोपऱ्यात ठेवा, मोरीजवळ नको. आणि घट्ट फिरकीच्या हवाबंद डब्यात भरू नका, आत दाब तयार होतो. मूळ पुडा दुमडून, क्लिप लावून, झाकण सैल असलेल्या प्लास्टिकच्या डब्यात उभा ठेवा. चमचा कोरडा हवा. ओला चमचा बुडवला की तिथं गोळा होतो, आणि तो गोळा कोरडा दिसला तरी आतून मेलेला असतो. तेलकट चिंध्या, लाकडाचा भुसा, रॉकेल यांच्या शेजारी ठेवायची नाही, ती स्वतः जळत नसली तरी जळणाऱ्याला ऑक्सिजन पुरवते.

आता लोखंड. पाण्यात लोखंड, तांबं किंवा मँगनीज असेल तर पेरॉक्साइड डागाला हात लावायच्या आधीच फुटून जातं. आमच्या ब्लिचिंगमध्ये म्हणूनच सोडियम सिलिकेट घालतात, ते पेरॉक्साइडला धरून ठेवतं. कापडावर गंजाचा ठिपका राहिला तर त्या जागी पेरॉक्साइड एकदम फुटतं आणि टॉवेलला बारीक भोक पडतं, तोच प्रकार. तुमच्या बोअरचं पाणी बादलीत तासभर ठेवल्यावर पिवळसर होत असेल तर परकार्बोनेटसाठी ते वापरू नका.

पावडर मिळाली नाही तर घरच्या घरी तेच द्रावण करता येतं. १ लिटर गरम पाण्याला ७ ग्रॅम धुण्याचा सोडा आणि औषधांच्या दुकानात मिळणारं ६ टक्क्यांचं (बाटलीवर २० व्हॉल्यूम लिहिलेलं असतं) हायड्रोजन पेरॉक्साइड ५५ मिलि. हे १० ग्रॅम परकार्बोनेटच्या बरोबरीचं होतं. खाण्याचा सोडा चालत नाही, त्याने पीएच तेवढा चढत नाही. पाच लिटरला २७५ मिलि पेरॉक्साइड लागेल, महाग पडतं, पण नळी आणि तोटीपुरतं ठीक आहे.

आणि कळकळीची विनंती: एमआयडीसीतल्या ओळखीच्या माणसाकडून ५० टक्क्यांचं पेरॉक्साइड कॅनमध्ये घरी आणू नका. कातडीवर थेंब पडला तर जागा लगेच पांढरी पडते आणि आग होते, डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो. पातळ करून वापरू म्हणणारा माणूस पातळ करतानाच भाजतो.


विजापूर_रोड_कोम्बुचा:

खूप आभार दोघांचे. यीस्टची चाचणी केली, फेस आला पण ग्लासच्या अर्ध्यापर्यंतच. कठीणपणा पट्टीवर ४५० ते ५०० च्या मध्ये दाखवतोय. टीडीएस मीटरवर ९८० आलं, ते कशात धरायचं?

दुसरं, आरओचं जे वाया जाणारं पाणी असतं ते बादलीत साठवते. भांडी धुवायला ते वापरलं तर बचत होईल ना?

तोटी अजून उघडलेली नाही. कशी उघडायची? आणि तोटी गरम द्रावणात टाकल्यावर तिच्याभोवतीच बुडबुडे जमतात, टाकीत इतरत्र एवढे नाहीत. हे चांगलं की वाईट?


होटगी_रोड_आंबवण:

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळंच, त्यात मीठही आलं. चुन्याचा हिशोब कठीणपणाच्या आकड्यावरच करायचा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा २०० पर्यंत हवा आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा असं आहे. म्हणजे तुमचं पाणी पिण्यापुरतं बसतं, परकार्बोनेटला मात्र जड आहे.

आरओचं बाहेर टाकलेलं पाणी परकार्बोनेटला मुळीच नको. पडद्याने अडवलेला सगळा चुना त्यातच गोळा झालेला असतो, बोअरपेक्षाही कठीण. ते पहिल्या विसळण्याला वापरा, जिथं फक्त गाळ काढायचाय. द्रावणाला गाळलेलं आरओचं ५ लिटर, शेवटच्या विसळण्याला आरओचं २ लिटर. पावसाळ्यात गच्चीवरचं पन्हाळीचं पाणी मिळालं (पहिली सर वाहून गेल्यानंतरचं) तर द्रावणासाठी त्याहून उत्तम काही नाही.

बोअरचंच वापरायचं असेल तर आधी दहा मिनिटं खळखळून उकळा, निवळू द्या आणि वरचं पाणी अलगद काढून घ्या. कठीणपणाचा जो भाग उकळण्याने जातो तो दुसऱ्या पातेल्याच्या बुडाला बसतो, तुमच्या टाकीत येत नाही. सगळा कठीणपणा जात नाही, पण फरक डोळ्यांना दिसतो.

एप्रिल-मे महिन्यात दुपारी तीन वाजता गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी हाताला चटका देण्याइतकं असतं. त्या दिवसांत गॅस कमी जाळावा लागतो, एक भाग उकळत्याला दोन भाग टाकीचं पाणी पुरतं.

फेस अर्ध्यापर्यंत म्हणजे पावडर अर्धमेली. फेकू नका, दीडपट घ्या, लिटरला १५ ग्रॅम, आणि महिन्या-दोन महिन्यांत संपवा.


बाळीवेस_फिटिंग:

तोटीभोवती बुडबुडे जमणं वाईट. ती तोटी पितळी आहे, वर नुसता क्रोमचा मुलामा. तांब्यावर पेरॉक्साइड फुटतं म्हणून तिथंच बुडबुडे. खात्री करायची असेल तर लोहचुंबकाने कळणार नाही, कारण ३०४ चं स्टीलही चुंबकाला धरत नाही. तोटी काढा आणि आतल्या आट्याच्या (पेचाच्या खाचांच्या) शेवटच्या फेऱ्यावर कानसेने एक घासा मारा. पिवळं दिसलं की पितळ.

पाण्याला पितळी तोटी ठीक आहे. कोम्बुचाचा पीएच तीनच्या आसपास असतो, तो आतल्या बाजूचा मुलामा खातो आणि मग तांबं, शिसं पेयात उतरतं. ही तोटी धुवायच्या लायकीची करण्यापेक्षा बदला. ३०४ स्टीलची किंवा खाद्य दर्जाच्या पॉलिप्रोपिलीनची. जुनी बरोबर घेऊन जा, आट्याचं माप दुकानातच लावून बघा.

उघडायची रीत दोन्हींना एकच. टाकीच्या आतला नट हाताने किंवा पान्याने धरा आणि बाहेरून तोटी फिरवा. नट नुसता फिरत राहिला तर आत एक जण, बाहेर एक जण लागतो. सुटल्यावर क्रम लिहून ठेवा: आतला नट, वॉशर, टाकीची भिंत, वॉशर, तोटी. वॉशर दोन असतात, एक आत, एक बाहेर. मग तोटीची दांडी धरून वरची टोपी उलटी फिरवा. आत दांडीच्या टोकाला सिलिकॉनची छोटी वाटी असते, तीच तोटी बंद करते. ती वाटी ओढून काढा आणि उलटी करा. तुमचा आंबूस वास तिथं आहे: वाटीच्या आतल्या कडेला तपकिरी, शेंबडासारखा थर असतो, बोटाने ओढला तर सलग पट्टी निघते. दुसरी जागा टाकीच्या भिंतीला टेकलेला वॉशर. त्याच्या मागे भिंतीवर काळपट कडं उमटलेलं असतं. तोटी उघडून-बंद करून द्रावण सोडलं तरी या दोन जागांना ते पोचत नाही, कारण दाबून बसलेल्या रबराच्या मागे पाणी जातच नाही.

सुटे भाग वाटीभर गरम द्रावणात २० मिनिटं. आट्यांना नायलॉनचा दात घासायचा जुना ब्रश, आडवा नाही, आट्याच्या दिशेने. वाटी आणि वॉशर सिलिकॉनचे असतील तर टिकतात. काळं किंवा तांबडं रबर असेल तर वर्षातून एकदा बदला. भेगा पडल्या की घाण आत जाते आणि मग कशानेच निघत नाही. आट्यावर टेफ्लॉन टेप असेल तर दर वेळी नवी, जुनी टेप रसाने भिजलेली असते.

बसवताना नट हाताने घट्ट करून वर पाव फेरा, बास. जास्त आवळला की वॉशर बाहेर सरकतो आणि गळायला लागतो, मग माणूस अजून आवळतो. टाकीत दोन लिटर पाणी भरून खाली कोरडा कागद ठेवा आणि दहा मिनिटांनी बघा.


मोहोळ_शेती:

एवढी यातायात करण्यापेक्षा टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) टाका की. विहिरीला चालते, टाकीला का नाही? स्वस्त आहे, जंतूही मरतात.


जुळे_सोलापूर_व्हिनेगर:

भाऊ, विहिरीचं पाणी आणि आंबवायचं भांडं यात फरक आहे. टीसीएल म्हणजे क्लोरीन. ते जंतू मारतं, पण चिकट थर धुऊन काढत नाही, आणि थर तसाच असेल तर थराखालचे जंतूही मरत नाहीत. स्टीलला क्लोराइडने सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात, ते पुन्हा भरून येत नाहीत. त्यात चहाच्या टॅनिनशी क्लोरीनची गाठ पडली की औषधासारखा वास येतो, तो पुढच्या खेपेच्या कोम्बुचालाही येतो. मुख्य म्हणजे परकार्बोनेटबरोबर टाकलं तर दोघं एकमेकांना संपवतात, आणि लिंबूसत्त्वाशी मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत तो वायू जीवघेणा आहे. घरात टीसीएल असेल तर या कामाच्या जवळपासही ठेवू नका.

ताई, दोन गोष्टी राहिल्यात.

पहिली, विसळून झालं हे कसं कळणार? बोटाला बुळबुळीत लागलं नाही एवढ्यावर विसंबू नका. हळदीचा कागद करा. अर्धा चमचा हळद चमचाभर स्पिरिटमध्ये कालवा (जवळ गॅस नको), पांढऱ्या कागदाच्या पट्टीवर पुसा, वाळू द्या. शेवटच्या विसळलेल्या पाण्याचा थेंब त्यावर टाका. सोडा शिल्लक असेल तर थेंब लालसर तपकिरी होतो, हळदीला चुना लागून कुंकू होतं तसा. पिवळाच राहिला तर झालं. शेजारी साध्या पाण्याचा थेंब टाकून तुलना करा. तोटीतून काढलेल्या पाण्याचा थेंब वेगळा तपासा, टाकी पिवळी आणि तोटी लाल असं बरेचदा निघतं. सोडा राहिला तर कोम्बुचाचं आम्लपण सुरुवातीलाच मारलं जातं आणि बुरशीला आयतं रान मोकळं होतं.

दुसरी, धुणं आणि निर्जंतुक करणं ही दोन कामं आहेत. परकार्बोनेट धुतं. निर्जंतुक करायला, टाकी स्टीलची आहे म्हणून, उकळतं पाणी चारी बाजूंनी ओता आणि झाकण ठेवून दहा मिनिटं थांबा. ही पायरी भरण्याच्या आधी लगेच, आदल्या दिवशी नाही. तोटीच्या तोंडाला ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारा, मिनिटभर थांबा, गॅसपासून लांब. बाटल्या मोदकपात्रात किंवा उंच इडलीपात्रात उलट्या ठेवून, गार पाण्यापासून सुरुवात करून १५ मिनिटं वाफवा. गार बाटलीत एकदम उकळतं ओतलं की बुडाला गोल चीर जाते. झाकणाचे वॉशर काढून वेगळे वाफवा.

आणि मंडळींना सूचना, इथं चर्चा कोम्बुचा, व्हिनेगर, जिंजर सोडा यांच्या भांड्यांचीच ठेवू. घरी दारू किंवा बिअर गाळणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याने परवान्याशिवाय गुन्हा आहे.


होटगी_रोड_आंबवण:

हळदीचा कागद उत्तम. माझ्या उत्तरात एक दुरुस्ती करतो. द्राक्षाचं किंवा बेदाण्याचं व्हिनेगर करणाऱ्यांना भांड्याच्या तळाला जे पांढरे-गुलाबी कडक खडे दिसतात, ते चुन्याचे नाहीत, ते द्राक्षातल्या टार्टारचे. त्यांना आम्लाने काही होत नाही, उलट गरम परकार्बोनेटमध्येच ते विरघळतात. ओळखायचं असेल तर व्हिनेगरचा थेंब टाका. फसफसलं तर चुना, नाही तर टार्टार. माझी आम्लाची पायरी चुन्यासाठी आहे.


विजापूर_रोड_कोम्बुचा:

तोटी उघडली, आत कानस मारली, पिवळी निघाली. वाटीत अगदी सांगितलं तसाच थर होता. स्टीलची मागवते.

शेवटचे दोन प्रश्न. जिंजर सोड्यासाठी वीस लिटरचा निळा पाण्याचा जार आणि अॅल्युमिनियमचं मोठं पातेलं आहे, त्यांना हेच द्रावण चालेल? आणि वापरून झालेलं द्रावण गच्चीवरच्या कुंड्यांना घातलं तर?


अक्कलकोट_रोड_प्रोसेस:

अॅल्युमिनियमला नाही. सोडा त्याला खातो, दहा मिनिटांत भांडं काळं पडतं आणि पाण्यात राखाडी उतरते. ते पातेलं मुळात आंबट पदार्थाला वापरू नका. निळ्या जारचं बूड बघा. त्रिकोणात ७ आकडा असेल तर तो बहुतेक पॉलिकार्बोनेट प्लास्टिकचा, गरम सोड्याने त्याला केसासारख्या भेगा पडत जातात. १ असेल तर पीईटी, तो ६० अंशाच्या पाण्यात आकार सोडतो. पीईटीला पाणी ४० च्या वर नको, वेळ दोन तास, मध्ये मध्ये हलवा. जार घासायला आत वाळू किंवा तांदूळ घालून खळखळवतात, तेही नको, चरे पडतात. नवीन घ्यायचा असेल तर पांढरा एचडीपीई प्लास्टिकचा किंवा काचेचा. जुन्या चिनी मातीच्या बरण्यांना द्रावण चालतं, पण ग्लेझला तडे असतील किंवा ग्लेझ कशाचं आहे माहीत नसेल तर त्यात आंबट काही मुरवू नका, काही जुन्या ग्लेझमध्ये शिसं असतं.

द्रावण पाच लिटर केलंत की त्याच दमात क्रमाने फिरवा: आधी टाकी, मग त्याच गरम द्रावणात तोटीचे भाग आणि नळी, मग बाटल्या. नळीत द्रावण भरताना दोन्ही टोकं वर धरून इंग्रजी यू सारखी टांगा, आत हवेचा बुडबुडा राहिला तर तेवढी जागा कोरडीच राहते. हे सगळं दोन-तीन तासांत उरका. उद्यासाठी बाटलीत भरून ठेवायचं नाही, ताकदही राहत नाही आणि झाकणाचं काय होतं ते तुम्ही पाहिलंच. हातात रबरी मोजे घाला. डोळ्यात उडालं तर १५ मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

कुंड्यांना नको. पेरॉक्साइड संपलं तरी सोडा उरतो आणि सोडियमने माती चोपण होते, पाणी वरच थांबतं, वाळल्यावर पापुद्रा धरतो. उरलेलं गरम असतानाच मोरीच्या जाळीत आणि शौचालयाच्या फरशीवर ओता, पंधरा मिनिटांनी खराटा फिरवा. फरशी संगमरवराची असेल तर पुढचं लिंबूसत्त्वाचं पाणी मात्र तिच्यावर जाऊ देऊ नका, दगड खाल्ला जातो.